दिसतो तसा की आहे तसा? चांदा जिल्ह्याच्या दप्तरातली चार इंग्रजी विशेषणं

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याची चिठ्ठी आली. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. त्याने विचारलं की, माणूस पाहिल्यावर आपल्यावर जी छाप पडते ती सांगायला इंग्रजीत ढीगभर विशेषणं आहेत, शाय, टिमिड, सलन, सिम्पल, फिअर्स, तर यांचे नेमके मराठी शब्द कोणते आणि त्यांत फरक काय?

परीक्षेपुरतं उत्तर सोपं आहे. शाय म्हणजे बुजरा, टिमिड म्हणजे भित्रा, सलन म्हणजे घुमा, सिम्पल म्हणजे साधाभोळा, फिअर्स म्हणजे उग्र. लिहून घ्या, एवढ्यात भागेल. पण आम्ही भाषेचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. शिवाय आयुष्य गेलं या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात. त्यामुळे ही चिठ्ठी वाचताना वेगळंच आठवलं. ही विशेषणं आपल्याकडे शब्दकोशातून आलेली नाहीत. ती आली सरकारी दप्तरातून. इथल्याच माणसांकडे बघून ती लिहिली गेली, छापली गेली आणि त्यांतलं एक विशेषण तर आजही कोणाला जमातीचा दर्जा मिळावा हे ठरवण्याच्या निकषांत बसलेलं आहे. म्हणून आज यादी न देता चार विशेषणांची कुळकथा सांगतो.

आधी थोडं व्याकरण. दोन वाक्यं घ्या. 'पाटी काळी आहे.' 'मुलगा बुजरा आहे.' दोन्हींचा साचा एकच. कर्ता, विशेषण, 'आहे'. पण अर्थाच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रंग वस्तूत असतो की बघणाऱ्याच्या डोळ्यांत, हा लॉकने घातलेला जुना वाद आपण बाजूला ठेवू. व्यवहारात तरी वर्गात कोणी नसतानाही पाटी काळीच असते असं आपण धरून चालतो. बुजऱ्या मुलाचं तसं नाही. तो एकटा नदीवर मासे धरत असताना बुजरा असतो का? आपल्या गोतावळ्यात नाचताना बुजरा असतो का? बुजरेपणाला दुसरं कोणीतरी समोर लागतं.

आपल्या भाषेला हे ठाऊक होतं. 'बुजणे' हे क्रियापद आपण बैलासाठी वापरतो. बैल बुजला की शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, कशाला बुजला? छत्रीला, मोटारीला, रस्त्यात पडलेल्या पोत्याला? गंमत अशी की इंग्रजीतही तेच आहे. 'शाय' हा शब्द जुन्या इंग्रजीत घाबरट घोड्यासाठी होता आणि आजही घोडा दचकून बाजूला झाला की त्याला 'शाय' हेच क्रियापद लावतात. म्हणजे दोन्ही भाषांनी जनावराच्या बाबतीत कारण विचारलं. माणसाच्या बाबतीत मात्र प्रश्न गळला आणि स्वभाव उरला.

जैन तर्कशास्त्रात प्रत्येक विधानाच्या आधी 'स्यात्' लावायला सांगितलंय. म्हणजे 'एका बाजूने पाहता'. छाप सांगणाऱ्या प्रत्येक विशेषणाआधी हा 'स्यात्' असायला हवा. मला असं वाटलं, इथून असं दिसलं. बोलताना आपण तो लावतोही. 'चेहऱ्यावरून तरी तसा वाटला बुवा.' पण बोलणं कागदावर उतरलं, त्या कागदाची नक्कल झाली, नकलेचं पुस्तक झालं की 'स्यात्' कुठेतरी गळून पडतो. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय तो गळलेला 'स्यात्' आहे.

दिसण्यावरून नाव पाडणं ही काही इंग्रजांचीच खोड आहे असं समजू नका. ज्या राजाने हे चांदा शहर वसवलं असं परंपरा सांगते, त्याचं नाव काय? खांडक्या बल्लाळशहा. अंगावर खांडकं होती म्हणून खांडक्या. झरपटीच्या पाण्याने ती बरी झाली, तिथे अचलेश्वराचं स्थान सापडलं आणि पुढे शहर वसलं अशी आख्यायिका आहे. राजा बरा झाला, तरी विशेषण काही बरं झालं नाही. आज इतक्या शतकांनीही आपण त्याला त्याच्या कातडीवरूनच ओळखतो. विशेषणाचं आयुष्य माणसापेक्षा मोठं असतं, हे या गोष्टीतून लक्षात ठेवा.

आता इंग्रजी काळात येऊ. १८५३ मध्ये तिसरा रघुजी भोसला वारला, नागपूरचं राज्य खालसा झालं आणि पुढच्या वर्षी चांद्याचा कारभार इंग्रज डेप्युटी कमिशनरकडे गेला. नव्या राज्यकर्त्याला जंगल मोजायचं होतं, जमीन मोजायची होती आणि माणसंही समजून घ्यायची होती. जमीन मोजायला साखळी होती. माणसं मोजायला सुरुवातीला विशेषणंच होती.

पहिलं विशेषण आहे 'अग्ली'. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाने आहे. अभ्यासू माणूस होता. दगड, जीवाश्म, भाषा, माणसं, सगळ्यांत रस. गोंडांची भाषा आणि गाणी त्याने आस्थेने टिपली. १८६३ मध्ये तो नदीत बुडून वारला आणि १८६६ मध्ये चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलने त्याची टिपणं छापली. त्यांत गोंडांच्या शरीराचं वर्णन आहे. अंगाने प्रमाणबद्ध आहेत असं तो म्हणतो आणि लगेच चेहऱ्यासाठी 'अग्ली' हे विशेषण वापरतो, तेही 'रादर' लावून, म्हणजे 'जरासे'. हा 'रादर' महत्त्वाचा आहे. तो हिस्लॉपचा 'स्यात्' आहे. माणूस जरा ओशाळलेला दिसतो, निदान आम्हाला तसा दिसतो.

पुढे काय झालं? १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. गोंडांच्या दिसण्याबद्दल सांगताना त्यात हिस्लॉपचंच वर्णन उतरवून घेतलं आहे. मधे पन्नास वर्षं गेली. हिस्लॉपने पाहिलेली माणसं मेली, त्यांची नातवंडं म्हातारी व्हायला लागली. चेहरे बदलले, पण विशेषण तेच. आजही हा ग्रंथ संदर्भ म्हणून उघडला जातो आणि एका मिशनऱ्याच्या डोळ्यांना एका दुपारी जे वाटलं असेल ते जमातीचं लक्षण म्हणून वाचलं जातं.

या शब्दाचं मूळ बघा. 'अग्ली' इंग्रजीत आला जुन्या नॉर्स भाषेतून आणि त्याचा मूळ अर्थ होता 'भीती वाटावी असा'. कुरूपता नंतर आली, आधी भीती होती. आपल्या 'भीषण' शब्दातही 'भी' हाच धातू आहे. भीती कोणाची? ज्याच्याकडे बघितलं त्याची नव्हे, बघणाऱ्याची. म्हणजे हा शब्द मुळात बघणाऱ्याच्या पोटातल्या गोळ्याची नोंद होता.

दुसरं विशेषण 'सॅव्हेज'. १८६९ मध्ये मेजर लुसी स्मिथचा चांदा जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल आला. गोंड राजांचा इतिहास आपण आज जो सांगतो त्याचा बराच भाग या अहवालाने लिहून ठेवलाय. लुसी स्मिथने त्या राजांची मोकळ्या मनाने तारीफ केली आहे. राज्य नीट चालवलं, प्रजा समाधानी ठेवली, बांधकामं अशी केली की बघत राहावं. खरंच आहे ते. चांद्याचा परकोट, त्याचे दरवाजे आणि या भागातले जुने तलाव आजही साक्ष द्यायला आहेत. पण त्याच परिच्छेदात राजांचं मूळ सांगताना जमातीला शब्द येतो 'सॅव्हेज'. म्हणजे राजाला मोजलं त्याच्या कामावरून आणि जमातीला मोजलं ती कशी दिसते यावरून. तलाव कोणी खोदले, भिंतीचे दगड कोणी वाहिले, हा प्रश्न दोन्हींच्या मधे पडून राहिला.

या शब्दाचं मूळ तर आपल्या जिल्ह्यासाठीच आहे. लॅटिनमध्ये 'सिल्व्हा' म्हणजे जंगल. त्यावरून 'सिल्व्हाटिकस', जंगलातला. फ्रेंचमधून येता येता तो झाला 'सॅव्हेज'. आधी फक्त पत्ता होता, कुठे राहतो ते. पुढे पत्त्याचा स्वभाव झाला. आणि हे पाप फक्त इंग्रजीचं नाही. आपण काय केलं? 'रान' पासून 'रानटी', 'जंगल' पासून 'जंगली', 'गाव' पासून 'गावंढळ'. इंग्रजीत 'व्हिला' म्हणजे शेतवाडी, तिथला कामकरी तो 'व्हिलन' आणि शहराच्या लॅटिन नावावरून सभ्य माणूस झाला 'अर्बेन'. शब्द तयार करणारा प्रत्येक ठिकाणी शहरात बसलेला होता. शब्दकोशसुद्धा कुठेतरी बसून लिहिला जातो.

याचं उत्तर पुढे घटना समितीत दिलं गेलं. डिसेंबर १९४६ मध्ये उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना जयपालसिंह मुंडा यांनी स्वतःला 'जंगली' म्हणवून घेतलं. ज्या शब्दाने हिणवतात तोच त्यांनी अंगावर घेतला आणि सभागृहाला सांगितलं की लोकशाही तुम्ही आम्हाला शिकवायची नाही, ती आमच्याकडे आधीपासून आहे. शब्द तोच राहिला. बोलणारा बदलल्यावर त्याची धार दुसऱ्या बाजूला गेली.

तिसरं विशेषण 'सिम्पल'. हे सगळ्यात गोड आणि म्हणून आम्हाला सगळ्यात अवघड वाटतं. 'सिम्प्लेक्स' म्हणजे एकपदरी. ज्याच्या मनाला दुसरा पदर नाही असा. 'दुटप्पी'च्या बरोबर उलट. शब्द म्हणून हा सन्मान आहे. पण व्यवहारात 'सिम्पल गोंड' म्हणजे काय? ज्याला सावकाराचा कागद वाचता येत नाही, मीठ आणि कापडाच्या मोबदल्यात ज्याची मोहफुलं, डिंक, धान जातं आणि शेवटी जमीनही जाते, तो. यात एकपदरी कोण होता ते सांगता येणार नाही, पण दुपदरी कोण होता ते नक्की सांगता येतं. भोळा हा शब्द ज्याला लावला त्याच्यापेक्षा त्याला फसवणाऱ्याबद्दल जास्त बोलतो.

पण इथे आम्हाला न्यायाने वागलं पाहिजे. या विशेषणाने संरक्षणही आणलं. १९१६ मध्ये मध्य प्रांतात आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींच्या हातात जाऊ नयेत म्हणून कायदा झाला. १९३५ च्या कायद्यानंतर चांदा जिल्ह्यातली अहेरीची जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतल्या धानोरा, मुरुमगाव, रांगी, पोटेगाव अशा जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेल्या' प्रदेशात गेल्या. सर्वसाधारण कायदे तिथे जसेच्या तसे लागू होऊ नयेत ही त्यामागची कल्पना. आपल्या संविधानाची पाचवी अनुसूची याच वाटेने आली. 'हे लोक साधे आहेत, म्हणून यांना सांभाळा' असा तो युक्तिवाद होता. म्हणजे विशेषण पुसून टाका म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या खुंटीला टांगलेली ढाल खाली पडली तर? ही खरी गाठ आहे. ती शेवटी सोडवायचा प्रयत्न करू.

चौथं विशेषण 'शाय', आणि त्याचा सख्खा भाऊ 'टिमिड'. साहेब दौऱ्यावर आला की गाव रिकामं व्हायचं, माणसं जंगलात पळायची. कागदावर काय चढलं? बुजरे आहेत, भित्रे आहेत.

हेच लोक १८५८ मध्ये कसे होते ते आठवा. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी याच गोंड तरुणांना घेऊन इंग्रजांशी लढाया दिल्या. २९ एप्रिल १८५८ ला चिंचगुंडीजवळ तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. कॅप्टन क्रिक्टनला बाबुरावांना पकडायला महिने लागले आणि शेवटी २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. हातात शस्त्र होतं तेव्हा हीच माणसं कागदावर बंडखोर होती. मग काही वर्षांत तीच भित्री कशी झाली? चेहरे तर तेच. मधे फाशी झाली होती हे विशेषणात लिहायची सोय नव्हती.

आणि बुजण्याचं कारण? ते एका इंग्रज अधिकाऱ्यानेच लिहून ठेवलंय. विल्फ्रेड ग्रिग्सनला १९४० मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करायला नेमलं आणि १९४४ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. त्यात बेगार आहे, कर्ज आहे, जमिनी जाणं आहे, खालच्या नोकरशाहीचा जाच आहे. बेगार म्हणजे काय हे तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. साहेबाचा, जमीनदाराचा, रखवालदाराचा मुक्काम पडला की तंबू वाहायचा, लाकडं फोडायची, पाणी भरायचं, कोंबडी द्यायची, दाम मिळेल किंवा मिळणार नाही. आता तुम्हीच सांगा, असा पाहुणा येतोय म्हटल्यावर माणूस गावात थांबेल का? शेतकऱ्याने बैलाबद्दल विचारलेला प्रश्न इथे विचारला असता, कशाला बुजला, तर उत्तर दौऱ्याच्या तंबूतच बसलेलं होतं. 'शाय' ही साहेबाने नकळत लिहिलेली स्वतःची ओळख होती.

हे विशेषण तिथेच थांबलं असतं तर इतिहास म्हणून सोडून दिलं असतं. पण १९६५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या सुधारण्यासाठी लोकूर समिती बसली. जमात ओळखायची कशी याचे पाच निकष तिने सांगितले. आदिमपणाची लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, इतर समाजाशी संपर्क साधण्यातला बुजरेपणा आणि मागासलेपणा. चौथा निकष परत ऐका. 'शायनेस ऑफ कॉन्टॅक्ट'. घोड्याच्या दचकण्यापासून निघालेला शब्द स्वतंत्र भारताच्या दप्तरात निकष होऊन बसला. नव्या जमातींचा समावेश करताना सरकार आजही याच निकषांचा हवाला देतं. आपल्या भामरागडकडचे माडिया हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, दुसऱ्या दोन कातकरी आणि कोलाम. त्या गटाचं नाव २००६ पर्यंत 'आदिम' जमाती असं होतं. विशेषण बदलायलाही दिल्लीत इतकी वर्षं लागतात.

आता क्षणभर दुसऱ्या बाजूने बघू. बघणारा काय फक्त साहेबच असतो? समोरचाही बघत असतोच की. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८० च्या दशकात गडचिरोलीत कामाला आले. लोक दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी लोकांनाच विचारलं. डॉ. बंग यांनी जाहीर भाषणांतून सांगितलेलं उत्तर असं की, तुमचे डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात. आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात. तसा वेश केलेली माणसं जीव कसा वाचवणार? बघा, ज्या पांढऱ्या कोटाची आपल्यावर स्वच्छ, विश्वासू अशी छाप पडते, त्याची तिथे मढ्याची छाप पडली. शोधग्रामचा दवाखाना मग झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. डॉक्टरांनी 'लोक बुजरे आहेत' असं लिहून फाइल मिटली नाही. कशाला बुजले ते विचारलं. हेमलकशातही १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा माडिया लोक दूरच राहत. डॉ. प्रकाश आमटे यांचा बनियन आणि अर्धी चड्डी हा वेश सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अंगभर कपड्यांचा माणूस त्या जंगलात कसा दिसत असेल याचा विचार त्या वेशात आहे.

याउलट उदाहरण त्याच ग्रिग्सनचं. बस्तरच्या माडियांवर १९३८ साली लिहिलेल्या पुस्तकात त्याने इंद्रावतीपलीकडच्या एका गटाला नाव दिलं 'बायसन-हॉर्न मारिया', म्हणजे गव्याच्या शिंगांचे. का, तर नाचताना ते शिंगांचा शिरपेच घालतात. उद्या कोणी आपल्या घरचं लग्न बघून मराठी माणसांना 'फेटेवाली जमात' म्हटलं तर कसं वाटेल? गोंड स्वतःला काय म्हणतात? कोयतूर. त्याचा अर्थ माणूस. विशेषण नाहीच त्यात.

इथे आम्हाला आमचाही एक कागद दाखवायला हवा. आम्ही शिकवत असताना तोंडी परीक्षेच्या गुणपत्रकात एक रकाना असायचा, 'जनरल इम्प्रेशन'. भामरागडकडचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. प्रश्न विचारला की खाली बघायचा. उत्तर यायचं नाही, किंवा फार उशिरा यायचं. आम्ही त्या रकान्यात लिहिलं 'शाय' आणि दहापैकी चार गुण दिले. आम्हाला वाटलं चार देऊन आपण उदारच वागलो. बऱ्याच वर्षांनी चंद्रपूरच्या बसस्थानकावर तो भेटला. शिक्षक झाला होता. आम्हीच विषय काढला, म्हटलं, तू तेव्हा फार गप्प असायचास. तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही विचारलं की मी तो प्रश्न आधी माडियात आणायचो. उत्तर माडियात यायचं. मग ते मराठीत करायचो. तोवर तुम्ही पुढच्या मुलाकडे गेलेले असायचे." त्याच्या आवाजात राग नव्हता. बस लागली, तो नमस्कार करून गेला. आम्ही तिथेच बाकावर बसून राहिलो. आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली आणि समोर दोन भाषांतरं चाललेली आम्हाला दिसली नाहीत. दिसला तो बुजरेपणा. तो आमच्या घाईचा होता.

आणि हे चार गुणांवर थांबत नाही. महाराष्ट्रात जमातीचा दाखला पडताळायला तपासणी समित्या आहेत. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कार्यपद्धती घालून दिली. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या जात होत्या, त्याला आळा घालणं गरजेचंच होतं. त्या पद्धतीत दैवतं, विधी, लग्नाची रीत, अंत्यविधी अशा खुणा जुळतात का हेही बघायचं होतं. यालाच पुढे आप्तभाव चाचणी म्हणू लागले. हेतू चांगला होता. पण होतं काय? आजोबा जंगलातून शहरात आले, बाप गिरणीत किंवा खाणीत राहिला, मुलगी इंग्रजी शाळेत शिकली. तिला विचारतात, तुमच्या लग्नात अमुक विधी कसा करतात? तिला सांगता येत नाही. ती समितीसमोर नीट मान वर करून बोलते. मग ती पुरेशी आदिवासी वाटत नाही. जिच्या आजीला बुजरी म्हणून मागास ठरवलं, तिच्या नातीला बुजरी नाही म्हणून संशयित ठरवायचं, अशी ही कोंडी आहे.

न्यायालयाच्या हे लक्षात आलं. २०११ च्या आनंद खटल्यात त्याने सांगितलं की स्थलांतर, आधुनिकता, इतरांशी संपर्क यांमुळे जुन्या खुणा पुसट होऊ शकतात, तेव्हा ही चाचणी जपून वापरा. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा स्पष्ट केलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या जुन्या कागदपत्रांना जास्त वजन आहे. म्हणजे माणूस कसा दिसतो, कसा वाटतो, यावरून गाडी हळूहळू काय नोंदलं गेलंय याच्याकडे वळतेय.

आता ती गाठ. विशेषण सोडलं तर संरक्षण जाईल का? आम्हाला वाटतं, जाणार नाही, संरक्षणाचा पाया बदलला तर. २००६ चा वनहक्क कायदा बघा. त्याच्या प्रस्तावनेत हक्क का द्यायचे याचं कारण दिलंय. हे लोक साधे आहेत, बुजरे आहेत, आदिम आहेत म्हणून नव्हे. त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला म्हणून. १९६५ चा निकष आणि २००६ ची प्रस्तावना शेजारी ठेवून वाचा. एक सांगतो, ते असे आहेत. दुसरी सांगते, त्यांच्याबाबतीत असं घडलं. पहिल्यात बघणारा लपलेला आहे. दुसरीत करणारा उघडा पडतो. आणि घडलेली गोष्ट पुराव्याने सिद्ध करता येते, त्यासाठी कोणाला मान खाली घालून उभं राहावं लागत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला या कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. धानोऱ्याची जमीनदारी १९३६ साली 'अंशतः वगळलेल्या' यादीत होती. या गावात वर्षानुवर्षं अभ्यासगट बसतात. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. सर्वसहमतीला वेळ लागतो. मधे बराच वेळ कोणी काही बोलत नाही. तिथे गेलेल्या घाईच्या पाहुण्याला वाटेल, लोक गप्प आहेत, बुजरे दिसतात. आमच्या रकान्यात त्याने तेच लिहिलं असतं.

तर चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्रा, शब्दार्थ आम्ही सुरुवातीला दिलेच आहेत, ते पाठ कर. परीक्षेत मार्क मिळतील, तू पास हो, साहेब हो, आम्हाला आनंद आहे. कदाचित याच जिल्ह्यात तुझी नेमणूक होईल. मग तुझ्यापुढे एक अर्ज येईल, समोर एक माणूस उभा असेल आणि कागदावर एक रकाना रिकामा असेल. तेव्हा विशेषण लिहिण्याआधी शेतकऱ्याचा प्रश्न विचार. कशाला बुजला? उत्तर मिळेपर्यंत थांब. उत्तराला दोन भाषा ओलांडून यायचं असतं, आम्ही थांबलो नव्हतो.

आज एवढंच. तुमच्या भागात माणसांना लावली जाणारी अशी आणखी विशेषणं असतील तर लिहून पाठवा, पुढच्या वेळी त्यांवर बोलू.